एक जूनची माणसं

माझं काम काय, हे आमच्या घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. नातेवाइकांनी विचारलं की बायको म्हणते, "ह्यांचं काय, हे लोकांचे फॉर्म नाकारतात." सगळे हसण्यावारी नेतात, पण सव्वीस वर्षांत माझ्या कामाचं याहून अचूक वर्णन मी ऐकलेलं नाही.

तुम्ही कुठेतरी फॉर्म भरता, शेवटचं बटण दाबता आणि एखाद्या रकान्याखाली लाल अक्षरं उमटतात. 'मोबाइल क्रमांक दहा आकडी असावा.' 'जन्मतारीख आजच्या पुढची चालणार नाही.' तुम्ही चरफडता. ज्याच्या नावाने चरफडता, तो मी.

हे काम मला फार चांगलं येतं. लिहिताना संकोच वाटायला हवा, पण वाटत नाही. दुसरं एक काम मला मुळीच आलं नाही, ते म्हणजे बोलणं. दिवाळी अंकासाठी 'संगणकातलं काहीतरी गमतीदार' मागितलं गेलं तेव्हा मी लगेच होकार दिला आणि नंतर तीन आठवडे एक ओळ लिहिली नाही. गमतीदार आहे बरंच. ते आधी सांगतो.

आमच्या धंद्यात पूर्वी अशी पद्धत होती की तपासणी जिथे सुचेल तिथे करायची. नोंदणीच्या पडद्यावर एकाने लिहिलं, 'नाव रिकामं असेल तर थांब.' बिलाच्या पडद्यावर दुसऱ्याने तेच वेगळ्या शब्दांत लिहिलं. तिसरा विसरला. मग बिननावाची माणसं तिसऱ्या दारातून आत यायची. नंतर अटी लिहायची नवी रीत आली. प्रोग्राममध्ये रुग्णाची नोंद म्हणजे रकान्यांची एक पेटी समजा. आता प्रत्येक रकान्याच्या डोक्यावरच छोटी पाटी लावायची: 'रिकामं चालणार नाही', 'फक्त भूतकाळातली तारीख', 'शून्याहून मोठा आकडा'. तपासायचं कसं ते लिहायचं नाही, काय खरं असलं पाहिजे तेवढं सांगायचं. तपासणारा एकच, तो पाट्या वाचतो आणि दारात अडवतो. पेटी कुठल्याही दारातून येवो, पाट्या तिच्यासोबतच येतात.

मला हे पहिल्या दिवसापासून आवडलं. कमी बोलणाऱ्या माणसाला आवडणारच. एकदा सांगायचं, एकाच जागी, आणि गप्प बसायचं.

पण नुसत्या पाटीने काही होत नाही. आमच्या सोसायटीच्या गेटवर 'फेरीवाल्यांना प्रवेश बंद' असं लिहिलंय आणि वॉचमन स्वतः भाजीवाल्याकडून मिरच्या निवडून घेत असतो. म्हणून आम्ही टेस्ट लिहितो. टेस्ट म्हणजे आपणच चोर होऊन आपल्या घरात शिरून बघायचं. एक छोटा प्रोग्राम मुद्दाम रिकामं नाव देतो, उद्याची जन्मतारीख देतो आणि आपण अडवले जातो का ते पाहतो. अडवलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. चांगल्या टेस्टचा दुसरा अर्धा भाग नवशिके विसरतात. चोर अडतो का एवढंच बघायचं नसतं, पाहुणा आत येतो का हेही बघायचं असतं.

ठाण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीकडे एका रक्ततपासणी लॅबचं काम आलं. लॅब कल्याणला आणि रक्त गोळा करायची केंद्रं डोंबिवली, आंबिवली, टिटवाळा अशी पसरलेली. मालक डॉक्टर होते, चांगले होते आणि फोनवर नेहमी ओरडून बोलायचे.

पहिल्या तीन महिन्यांतच त्यांचा फोन. "अहो, माझा माणूस घरी रक्त घ्यायला निघालाय आणि पत्त्यात लिहिलंय 'मागच्या वेळचाच'!"

मी पत्त्यावर अटी घातलेल्या होत्या. पण पत्ता ही नोंदीच्या आतली वेगळी पेटी होती. टिफिनच्या आतल्या भाजीच्या डबीसारखी. आतली डबीही उघडून बघ, हे तपासणाऱ्याला वेगळं सांगावं लागतं. ते मी सांगितलेलं नव्हतं. तो बाहेरचं झाकण बघून सोडत होता आणि आत 'नंतर देतो', 'समोर', 'क' असे पत्ते बिनबोभाट जात होते. एक शब्द लिहून मी ते बंद केलं, त्यावर टेस्ट लिहिली आणि डॉक्टरांना सांगितलं, "सर, छोटी सेटिंग होती." चूक झाली म्हणालो नाही. सवय तेव्हापासूनची.

दुसरा फोन आडनावाचा. "तुमच्या प्रोग्रामने माझ्या पेशंटचं आडनाव टिंब ठेवलंय. टिंब! त्या बाई शिक्षिका आहेत. त्या मला काय म्हणाल्या ऐका. म्हणाल्या, डॉक्टर, मी आडनाव सोडलं ते विचार करून, टिंबासाठी नाही."

मग मी स्वतः डोंबिवली पूर्वेच्या केंद्रावर गेलो. तिथे काउंटरवर शैलाताई बसायच्या. चाळिशीच्या आतबाहेर, चष्मा केसांवर चढवलेला, बोटं कीबोर्डवर आणि डोळे समोरच्या माणसावर. मी ओळख दिली तशा म्हणाल्या, "म्हणजे ती लाल अक्षरं तुमची?"

"हो."

"मग बरं झालं आलात. लाल आलं की आम्ही टिंब देतो. टिंब दिलं की गप बसतो तुमचा प्रोग्राम. मोबाइल नसला की दहा वेळा नऊ."

"पण असं खोटं…"

"खोटं तुम्ही लिहायला लावता. ह्या आजींना मोबाइल नाही. तुमचा प्रोग्राम म्हणतो पाहिजेच. आता रक्त घेऊ का मोबाइल घेऊन देऊ त्यांना?"

बाकावरच्या आजी हसल्या. मी शैलाताईंनी भरलेल्या नोंदी चाळल्या आणि थक्क झालो. त्यांनी लिहिलेले पत्ते! 'पाण्याच्या टाकीसमोर, निळा दरवाजा.' 'गिरणीच्या वरती, जिना मागून.' कोणताही माणूस डोळे मिटून पोचेल असे. माझ्या अटींनी ते पत्ते चांगले झालेले नव्हते, त्या बाईंच्या शिस्तीमुळे झालेले होते. सक्ती वाढवली की माणसं खरं बोलत नाहीत, अडवणाऱ्याला पटेल ते बोलतात. आडनावाची सक्ती मी त्याच दिवशी काढली. हे मी नंतर अनेकांना शिकवलं. शैलाताईंचं नाव न घेता.

आता तिसरा फोन.

"एकाच पेशंटच्या तीन-तीन फायली झाल्यात," डॉक्टर म्हणाले. "टिटवाळ्याला आला की एक, कल्याणला आला की दुसरी. जुने रिपोर्ट सापडत नाहीत. एक माणूस, एक फाइल. मला दुसरं काही नको. आणि सोमवारी भागीदारांना दाखवायचंय."

मी विचार केला. मोबाइलवरून माणूस ओळखता येत नव्हता, कारण अख्खं घर एकाच मुलाचा नंबर देतं. मग अट लिहिली: नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख हे चारही जुळलं तर माणूस तोच. नवी फाइल उघडायची नाही, जुनीत जोडायचं. आणि काउंटरला काही विचारायचं नाही, कारण विचारलं की ते घाईत काहीतरी दाबणार. मला अट फार सुबक वाटली होती.

रेश्मा तेव्हा आमच्या टीममध्ये होती. सात-आठ वर्षांचा अनुभव, मानपाड्याजवळच्या गावातली, आगरी घरातली. ऑफिसात इंग्रजी खाडखाड बोलायची आणि घरून फोन आला की आवाजासकट भाषा बदलायची. तिने माझ्या अटीसाठी टेस्ट लिहिली. शुक्रवारी दुपारी चहाच्या वेळेला मला बोलावलं. स्क्रीनवर लाल खूण.

टेस्टमध्ये दोन माणसं होती. दोघांचं नाव गोविंद चांगो म्हात्रे. दोघांची जन्मतारीख एकच, एक जून. तिची मागणी एवढीच की ही दोन माणसं दोनच राहिली पाहिजेत. माझ्या अटीने दोघांचा एक केलेला.

"असं कुठे होतं का?" मी म्हटलं. "किनाऱ्यावरची केस आहे ही. हजारात एक."

"सर, हे आमच्या गावातले खरे दोघं आहेत. एक बँडवाला गोविंद, एक कंपनीवाला गोविंद. एक वरच्या पाड्यातला, एक खालच्या. आणि एक जून तर काय, आमचे गावान सगली म्हातारी एक जूनलाच जल्मली." ती हसली, मग हसायची थांबली. "ही किनाऱ्यावरची केस नाही, सर. हे अख्खं गाव आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी घरी कोणी जन्मतारखा लिहून ठेवत नसे. पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर विचारायचे, कधीचा? आई सांगायची, लावणी चालली होती तेव्हाचा. शाळा जूनला सुरू व्हायची, वय पुरं भरायला हवं, म्हणून मास्तर लिहून टाकायचे एक जून. रकाना सक्तीचा होता. मास्तरांचं टिंब म्हणजे एक जून.

हे मला रेश्माने सांगायची गरज नव्हती. माझे बाबाही एक जूनचे. आंबिवलीच्या चाळीत राहायचे, गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, चौदा एप्रिलला जयंतीच्या मंडपात सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्च्या मांडायचे. एक जूनला चाळीतले पाच-सहा जण एकमेकांना थट्टेने हात जोडायचे, "वाढदिवसाचा नमस्कार हो!" मी हे बघत मोठा झालो.

रेश्माने मला सरळ विचारलं, "सर, तुमच्या बाबांची जन्मतारीख काय?"

आजूबाजूला चौघं-पाचजण चहा पीत उभे होते. ऑफिसात मी कधी आंबिवली म्हणत नसे, कल्याण म्हणत असे. बाबांबद्दल कोणी विचारलं की विषय दुसरीकडे न्यायची माझी हातोटी होती. त्या दिवशी विषय न्यायला जागा नव्हती.

"बारा ऑगस्ट," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातलं टिंब. लाल अक्षरं आली आणि मी काहीतरी भरून मोकळा झालो.

मग मी तिच्या टेस्टच्या डोक्यावर एक शब्द लिहिला. आमच्याकडे अशी सोय आहे. टेस्ट पुसायची नाही, फक्त 'सध्या वगळा' म्हणायचं. मग ती हिरवीही दिसत नाही, लालही नाही. पिवळी दिसते, आणि पिवळ्याकडे कोणी बघत नाही. शेजारी मी लिहिलं, 'पुढच्या आवृत्तीत बघू.'

सोमवारी भागीदार खूश झाले. एक माणूस, एक फाइल.

चार महिन्यांनी काय झालं ते सांगतो. बँडवाल्या गोविंदकाकांच्या हृदयाची झडप बदललेली होती. अशा माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी कायम घ्यावी लागते आणि रक्त किती पातळ आहे ते दर महिन्याला तपासावं लागतं. आकडा बघून डॉक्टर गोळी वाढवतात, कमी करतात. कंपनीवाल्या गोविंदकाकांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं, म्हणून त्यांच्याही रक्ताची तीच तपासणी झाली. डोंबिवलीच्या केंद्रावर. त्यांचा आकडा निरोगी माणसाचा, म्हणजे झडपवाल्यासाठी धोक्याइतका कमी. तो रिपोर्ट गेला बँडवाल्या गोविंदकाकांच्या फाइलमध्ये. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ताजा आकडा बघितला आणि गोळी वाढवली.

आठ-दहा दिवसांत त्यांच्या डोक्यात रक्तस्राव झाला. ते वाचले. उजव्या हाताची तीन बोटं मात्र गेली. असतात हाताला, पण ऐकत नाहीत. ते बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे.

लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ते ओरडत नव्हते. त्यावरूनच मला कळलं. म्हणाले, "फाइल चुकलीय. घरचे आलेत, काउंटरवर गोंधळ चाललाय. त्या शैला म्हणतात की मी नवीन पेशंट म्हणूनच भरला होता. पण सिस्टीममध्ये तर तशी नोंदच नाही. तुमच्याकडून चूक आहे का तेवढं मला लेखी कळवा."

आमचा सर्व्हर प्रत्येक दाबलेल्या बटणाची रोजनिशी ठेवायचा, नव्वद दिवस. मी ती उघडली. शैलाताईंनी सकाळी पावणेअकराला 'नवीन रुग्ण' हेच बटण दाबलेलं होतं. नाव, वडील, आडनाव, तारीख. आणि पत्ता: 'खालचा पाडा, पत्र्याच्या शाळेमागे, आंब्याला झोका बांधलेलं घर.' माझ्या अटीने चार रकाने जुळवले, माणूस तोच ठरवला आणि तो पत्ता फेकून दिला. जुन्या फाइलमध्ये पत्ता होताच ना.

मी एका पानाची प्रिंट काढली. घडी करून बॅगेत ठेवली. आणि डॉक्टरांना लिहिलं: 'प्रणाली ठरलेल्या नियमांनुसार चाललेली आहे. नोंदणीच्या वेळी रुग्णाची ओळख पडताळल्याचे दिसत नाही.'

दोन्ही वाक्यं खरी आहेत. माझ्याच अटी लावून तपासा, दोन्ही पास होतील.

शैलाताईंना काढलं. रोजनिशी नव्वद दिवसांनी पुसली गेली. मी पुसली नाही, आपोआप गेली. मी फक्त काही केलं नाही.

अट मात्र दुसऱ्याच दिवशी सुधारली. चार रकाने जुळले की आता पडदा थांबतो, जुन्या फाइलमधला पत्ता दाखवतो आणि विचारतो, 'हेच का?' रेश्माच्या टेस्टवरचा 'सध्या वगळा' काढला, ती हिरवी झाली. त्या टेस्टमध्ये मी आणखी एक माणूस घातला. माझ्या बाबांचं पूर्ण नाव, गाव आंबिवली, जन्मतारीख एक जून.

आमच्याकडे कोणी कोडमध्ये काय बदललं ते सगळ्यांना दिसतं. रेश्माने बघितलं. माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "बारा ऑगस्ट नव्हती तर."

"नव्हती."

"आणि शैलाताईंचं?"

मी स्क्रीनवर पुढची फाइल उघडली. तिने ते पाहिलं. मग म्हणाली, "कोडला खरं सांगितलंत, सर. कोडची नोकरी गेलेली नाही." दोन महिन्यांनी तिने कंपनी सोडली.

त्यानंतरच्या सात वर्षांत मी पुष्कळ चांगलं काम केलं. आमच्या एकाही प्रोग्राममध्ये पिवळी टेस्ट राहत नाही, हा माझा नियम आहे आणि माझ्यामागे लोक त्यावरून मला नावं ठेवतात. ठेवू देत. त्या नियमामुळे टळलेल्या चुका मला ठाऊक आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण नियम कुठून आला, हे कोणी विचारलं की मी म्हणायचो, अनुभव.

यंदा उन्हाळ्यात रेश्माचा फोन आला. तिच्या भावाचं लग्न होतं. "सर, यायचंच. दुपारचं जेवण आहे, मानपाड्याच्या पुढे." सात वर्षांनी बोलावणं, मी गेलो.

मंडपाच्या दारात बँड वाजत होता. एका खुर्चीवर बँडचा लाल कोट घातलेला म्हातारा माणूस बसलेला. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि डाव्या हातात खुळखुळा. क्लॅरनेट दुसरा कोणीतरी वाजवत होता. तो चुकला की म्हातारा मान हलवायचा, खुळखुळा मात्र चुकत नव्हता.

रेश्मा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, भरजरी शालू, हातात अक्षतांचं ताट. "ते बँडवाले गोविंदकाका," ती म्हणाली. "शैलाताई टिटवाळ्याला असतात. स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात." आणि वर, "जेवून जा हं, सर. न जेवता पळू नका," म्हणून पाहुण्यांत मिसळली.

जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

पुढच्या शनिवारी ती घडी घातलेली प्रिंट आणि घरी लिहून काढलेलं एक पत्र घेऊन मी टिटवाळ्याला गेलो. दुकान अरुंद. शैलाताई एका आजोबांचा कसलासा दाखल्याचा फॉर्म भरत होत्या. केस पांढरे, चष्मा अजून केसांवर.

"बाबा, जन्मतारीख?"

"एक जून."

"तुमची खरी सांगा, मास्तरांची नको."

"ती आईबरोबर गेली," आजोबा म्हणाले.

त्यांचं झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. ओळखलं नाही. मी सांगितलं, "लाल अक्षरंवाला."

"अरे वा. साहेब. काय, फॉर्म भरायचाय?"

मी प्रिंट पुढे केली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून. बोट एका ओळीवर थांबलं. "'आंब्याला झोका बांधलेलं घर.' हे मीच लिहिलंय."

"हो. तुम्ही नवीनच नोंद केलेली. माझ्या अटीने ती जुन्यात घातली. डॉक्टरांचा फोन आला त्याच दिवशी मला कळलेलं."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"साहेब, नोकरीचं सोडा. दुसरी मिळाली, सुटली, दुकान टाकलं, चाललंय. पण मला ना, पक्कं आठवत होतं की मी नवीन भरला. आणि सगळे सांगत होते की तशी नोंदच नाही. नवरा म्हणाला, झाली असेल गं चूक. मग मलाच वाटायला लागलं की नसेलच भरला. सात वर्षं मी गॅस बंद केला का ते तीनदा बघते. कुलूप ओढून परत जिना चढून येते. माझ्या डोक्यावर माझाच विश्वास नाही राहिला. आणि हा कागद तुमच्या बॅगेत होता?"

"घरी. फाइलमध्ये."

"नीट जपून ठेवलात."

त्यांनी कागद होता त्याच घडीत मिटला.

"गोविंदकाकांना सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग आधी माझ्याकडे का? सोपं म्हणून?"

"हो," मी म्हणालो. खरं तेच होतं.

गोविंदकाकांकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. ते आत्ताच सांगून टाकतो, कारण मला शेवट टिटवाळ्याच्या दुकानातच करायचाय. त्यांच्या सुनेने माझं पत्र मोठ्याने वाचलं. मुलगा उठून ओट्यावर गेला आणि मी निघेपर्यंत आत आला नाही. त्याचं बरोबर होतं. गोविंदकाकांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे त्या बाईची चूक नव्हती तं? तिला आमी जाम बोललो रे. भर लॅबान बोललो." त्यांनी मला माफ वगैरे केलं नाही, मीही मागितली नाही. त्यांनी शैलाताईंचा पत्ता मागितला. मी लिहून दिला, शैलाताई लिहितात तसा: स्टेशनच्या पूर्वेला, रसवंतीशेजारी, हिरवं शटर. लॅबच्या डॉक्टरांनाही पत्राची प्रत पोचली आहे. ते फोनवर फक्त म्हणाले, "इतक्या वर्षांनी?"

तर दुकानात. शैलाताई म्हणाल्या, "तोंडी नको. मला लेखी पाहिजे."

मी पत्र काढून दिलं. दोन पानी, नीट टाइप केलेलं, तीन वेळा तपासलेलं. त्या काउंटरवर कोपर टेकून वाचू लागल्या, फॉर्म तपासतात तशा, प्रत्येक ओळीखाली पेन फिरवत. मागे एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला येऊन थांबली. "एक मिनिट हां, मावशी," म्हणून शैलाताईंनी वाचन चालू ठेवलं. मग पत्र माझ्याकडे वळवलं.

"चांगलं लिहिता तुम्ही. 'टेस्ट वगळण्यात आली.' 'नोंद जुन्या फाइलमध्ये जोडली गेली.' 'चुकीचा अहवाल देण्यात आला.' सगळं आलंय. कोणी केलं तेवढं कुठे नाही."

"खाली सही आहे माझी."

"सही पोस्टमनकडेही करतात. तो रकाना रिकामा आहे, साहेब."

त्यांनी पेन माझ्यासमोर ठेवलं. मी उभ्याउभ्या, त्यांच्या काउंटरवर, एकेक ओळ खोडत गेलो. टेस्ट मी बंद केली. अट मी लिहिली. शैलाताईंनी बरोबर नोंद केली होती, हे मला त्याच दिवशी माहीत होतं, आणि मी डॉक्टरांना खोटं कळवलं. प्रत्येक ओळीत माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अक्षर वाईट आलं. मागची मावशी डोकावून बघत होती, तिला आता घाई नव्हती.

शैलाताईंनी कागद घेतले, चष्मा सावरून सगळं पुन्हा वाचलं. मग मशीनचं झाकण उघडून एकेक पान काचेवर पालथं घातलं.

"आता जाईल," त्या म्हणाल्या, आणि तीन प्रती काढल्या.